सहा तावांचं पान : लोहारकामाच्या प्रात्यक्षिकात विकायचं काय?

पार्श्वभूमी

सोलापूरच्या जुन्या भागात एक लोहाराचं दुकान आहे. मालक साठी ओलांडलेले, आख्खी गल्ली त्यांना आण्णा म्हणते. पुतण्या घण मारतो, सून हिशेब आणि फोन सांभाळते. मुलगा बाहेरगावी नोकरीला. नावं आणि पेठ इथे मुद्दाम गाळली आहेत, बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहिलं आहे. मी एका तंत्रशिक्षण संस्थेत वर्कशॉप शिकवतो. नमुने आणि भाव ठरत होते तेव्हा या तिघांबरोबर बसणं झालं, एवढाच माझा संबंध.

दुकानाचं नेहमीचं काम म्हणजे खुरपी, विळे, कुऱ्हाडी, पहारीला टोक, कुळवाची पास. लोखंड बहुतेक ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं, कारण त्याला पाणी चढतं, म्हणजे लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, आणि धार टिकते. काम हंगामावर चालतं. मृगाच्या आधी गर्दी, रब्बीच्या पेरणीआधी थोडी, आणि ज्वारीच्या काढणीच्या तोंडावर विळ्यांसाठी पुन्हा रांग. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतचा काळ मात्र मोकळा जातो. त्यातच पत्र्यातून कापलेली तयार खुरपी बाजारात आली आहेत. ती स्वस्त आहेत. शेतकऱ्याला दोन हंगामांत वाकलेलं खुरपं परवडतं, त्यामुळे आण्णांचं दहा वर्षं टिकणारं खुरपं कौतुकापुरतं उरलं आहे.

अशा मोकळ्या डिसेंबरात एका महाविद्यालयाने हस्तकला मेळाव्यात ‘पारंपरिक व्यवसाय’ दाखवायला बोलावलं. ते पाहून एका शाळेचं बोलावणं आलं, मग एका कृषी प्रदर्शनाचं, मग एका मोठ्या सोसायटीचं.

अडचण

गर्दीची कमतरता नव्हती. भट्टी पेटली, लोखंड लाल झालं, घण पडला, ठिणग्या उडाल्या की लोक दोन्ही हातांनी मोबाइल वर धरून उभे. टेबलावर मांडलेल्या अवजारांकडे मात्र कोणी बघेना. बागकाम करणाऱ्या दोघी-तिघींनी खुरपी घेतली, तेवढीच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने कुऱ्हाड घेऊन करायचं काय?

सुनेने पहिल्या मेळाव्याचा एका दिवसाचा हिशेब मांडला तो असा. मानधन ३,००० रुपये. ऐरण, भट्टी, कोळसा आणि माणसं नेणारा छोटा हत्ती येऊन-जाऊन १,२००. पुतण्याची हजेरी ६००, कोळसा ३००, जेवणखाण २००. हातात उरले ७०० रुपये, आणि त्यात आण्णांची स्वतःची मजुरी धरलेली नाही. दुकानात बसले असते तर मंदीतही दिवसाला साधारण १,२०० सुटले असते. म्हणजे टाळ्या मिळवायला रोज पाचशे रुपये खिशातून जात होते.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली. आण्णांनी नुसतं दाखवायला म्हणून सळईचा एक आकडा (हूक) वळवला होता. तो खाली ठेवताच तिघांनी विचारलं, “हा विकता का?” टेबलावरच्या घडीव मालाकडे ढुंकूनही न बघणारी माणसं डोळ्यासमोर झालेल्या वीतभर आकड्यासाठी हात पुढे करत होती.

घरी विषय निघाला तेव्हा आण्णांचं पहिलं उत्तर पुतण्याला उद्देशून होतं. “लोहारानं आता खेळणी करायची काय बे?” सून म्हणाली, “आण्णा, खेळणी नकोत. पण बघणाऱ्याला घरी नेता येईल असं काहीतरी हवं.” त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि आण्णांच्या बाबतीत ही निम्मी संमती असते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे विक्रीचा नादच सोडायचा आणि मानधन वाढवून मागायचं. हिशेबाला हा सर्वांत सरळ. पण शाळा-महाविद्यालयांचं अंदाजपत्रक ठरलेलं असतं. पाच हजार म्हटलं की पुढच्या वर्षी कुंभाराला बोलावतील.

दुसरा, बाजारातून ओतीव लोखंडाच्या आणि पितळेच्या शोभेच्या वस्तू घाऊक आणून टेबलावर मांडायच्या. एका आयोजकानेच हा सल्ला दिला होता, नफाही त्यात चांगला. पण शेजारी भट्टी पेटलेली असताना टेबलावरचा माल इथलाच आहे असं गिऱ्हाईक समजणार, आणि आपण गप्प राहणार. तिघांनीही हे एका वाक्यात मोडीत काढलं.

तिसरा, सगळा माल दुकानात आधी घडवायचा आणि मेळाव्यात फक्त प्रात्यक्षिक द्यायचं. वेळेच्या दृष्टीने सोयीचं, पण मग आकड्याचा धडा वाया जातो. लोकांना जे बघितलं तेच हवं असतं.

चौथा, सगळं तिथेच, लोखंडाच्या कोऱ्या बारपासून शेवटपर्यंत. आण्णांना हा पटला होता, कारण यात लपवाछपवी नाही. पण एका वस्तूला बारा-पंधरा मिनिटं लागली तर गर्दी पाचव्या मिनिटाला भेळेच्या गाडीकडे सरकते.

गड्ड्याच्या यात्रेत गाळा घ्यायचा विचारही झाला. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर एवढी माणसं येतात की विक्रीची चिंता नको, असं पुतण्याचं म्हणणं. त्या रेटारेटीत उघडी भट्टी ठेवणं मला तरी धोक्याचं वाटलं, आणि भट्टी नसेल तर आपण शेकडो खेळणीवाल्यांतले एक. हा विचार तिथेच थांबला.

शेवटी तिसऱ्या-चौथ्याच्या मधला मार्ग निघाला. वस्तू दुकानात अर्धी घडवून न्यायची आणि जो भाग बघायला रंजक आहे, जिथे लोखंडाला आकार येतो, तो लोकांसमोर करायचा. तासातून एकदा मात्र अख्खी वस्तू सबंध बारपासून करून दाखवायची. टेबलावर पाटी लावली: ‘देठ दुकानात घडवला आहे, पान इथे घडतं.’ पाटीचा आग्रह आण्णांचा.

काय घडवायचं

खरी मेहनत या प्रश्नावर झाली, आणि इथे एकच माप सगळीकडे वापरलं: वस्तूला ताव किती लागतात. एक ताव म्हणजे लोखंड भट्टीत घालणं, रंग येऊ देणं, बाहेर काढून विझायच्या आत ठोकणं. बारीक लोखंड लवकर तापतं आणि तितकंच लवकर विझतं. १० मिमीच्या बारला ऐरणीवर आठ-दहा सेकंद मिळतात, ६ मिमीच्या सळईला त्याहून कमी. त्यामुळे लहान वस्तू सोपी असते हा समज ऐरणीपाशी टिकत नाही. पहार घडवणाऱ्या हाताला बोटभर पान घडवताना हातोडा बदलावा लागतो. आण्णांनी दीड किलोचा बाजूला ठेवून अर्ध्या किलोचा घेतला, तेव्हा कुठे देठ तुटायचे थांबले.

पिंपळपानाची किल्लीसाखळी हा पहिला नमुना. १० मिमी चौकोनी बारचा सुमारे सात सेंटिमीटर तुकडा. पहिल्या तावात टोक काढायचं. दुसऱ्यात ऐरणीच्या कडेवर ठेवून मान बसवायची, म्हणजे पान आणि देठ वेगळे होतात. तिसऱ्या-चौथ्यात देठ ओढून साधारण ४ मिमीचा गोल करायचा. पाचव्यात पान चपटं करून छिन्नीने शिरा पाडायच्या. सहाव्यात देठ ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे तिच्या निमुळत्या टोकावर, वळवून कडी करायची आणि ब्रश मारायचा. पहिले चार ताव बघायला कंटाळवाणे आहेत: एक काडी थोडी लांब होते, एवढंच दिसतं. पाचवा ताव म्हणजे जादू. चार फटक्यांत काडीचं पान होतं आणि गर्दीतून “अरे!” येतं. म्हणून चार ताव दुकानात, दोन मेळाव्यात, असं वाटप झालं.

आकडा सर्वांत सोपा. ८ मिमी सळई, टोकाला छोटी वळी, मधे पीळ. पीळ देताना लोक सर्वांत जास्त खूश होतात. चौकोनी बारला पीळ उठून दिसतो, गोल सळईला दिसतच नाही. त्यामुळे आकड्यालाही चौकोनी बार वापरायला लागलो. ताव तीन.

बेलपानाची सूचना सुनेची. सिद्धरामेश्वरांच्या गावात बेलाचं पान कोण नाकारेल? पण तीन दलं एका बारमधून काढायची तर दोनदा चिरावं लागतं, प्रत्येक दल वेगळं ओढावं लागतं आणि चिरलेल्या खाचेत भेग धरते. दहा ताव घालूनही मधलं दल वाकडं. वेल्डिंगने जोडलं तर झटपट होतं, पण मग ते भट्टीचं काम राहत नाही. सोडून दिलं.

त्याऐवजी आपट्याचं पान निघालं. हे पुतण्याला सुचलं, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत चांगली कल्पना हीच. १२ मिमी चौकोनी बारचं एक टोक छिन्नीने मधोमध थोडं चिरायचं, दोन्ही भाग फाकवून चपटे करायचे, मागे आखूड देठ. दोनच दलं असल्याने चीर एकदाच. लोखंडाचं ‘सोनं’ दसऱ्याला देता येतं, आणि खंडेनवमीला जी ऐरण पुजायची तिच्यावरच ते घडलेलं असतं. ज्यांच्या घरी आता झाडाची पानं ओरबाडून आणणं पटत नाही, त्यांनी हे लगेच उचललं.

बाटली उघडणीची मागणी प्रत्येक मेळाव्यात होते, तरुण पोरं हटकून विचारतात. परदेशातल्या लोहारांच्या टेबलावर ती असतेच, असं मी सांगून पाहिलं. आण्णा माळकरी. “बाटलीचं आपल्या भट्टीवर नको.” सोड्याची बाटलीही त्यानेच उघडते, हा पुतण्याचा युक्तिवाद त्यांनी ऐकला न ऐकल्यासारखा केला. विषय संपला.

कुंडीतलं खुरपं हा नमुना ठरवून काढलेला नाही. एका बाईंनी टेबलावरचं मोठं खुरपं उचलून विचारलं, “याचं पिल्लू नाही का?” चार बोटं रुंद पातं, मागे सळईचीच वळवलेली मूठ, लाकूड नाही. शोभेची वस्तू म्हणावी तर नाही, पण मेळाव्याच्या टेबलावर तीच सर्वांत कमी भाव केली जाणारी वस्तू ठरली. लोकांना ती कशासाठी आहे हे सांगावं लागत नाही.

उरली नाल. “काळ्या घोड्याची आहे का?” हा प्रश्न शनिवारी तर हमखास. एकाने चक्क सांगितलं, नुसतं ‘हो’ म्हणा, दुप्पट देतो. सुनेने छोट्या नालेच्या आकाराचा किल्ल्यांचा आकडा करून घेतला आणि पाटीवर लिहिलं, ‘नवीन लोखंडाची. घोड्याच्या पायातली नाही.’ विक्री बेताची. पाटी काढली तर ती वाढेल हे सगळ्यांना माहीत आहे. पाटी आहे.

लोखंड कोणतं

दुकानात ढीग पाट्यांच्या तुकड्यांचा. पुतण्याने काटकसर म्हणून त्यातल्या पट्ट्यांची पानं घडवली आणि मेळाव्यात शेवटी बादलीत बुडवली. ‘चर्र’ आवाज आणि वाफेचा लोट, लोक टाळ्या वाजवतात. संध्याकाळी एका विद्यार्थ्याने पान हातात फिरवलं आणि देठ काडकन मोडला.

कारण साधं आहे. पाट्याच्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. लाल असताना पाण्यात घातलं की ते कडक आणि ठिसूळ होतं. विळ्याला हेच हवं असतं, पण पाणी दिल्यावर त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पातळ देठाचं तसं काही केलेलं नव्हतं. साध्या माइल्ड स्टीलच्या बारमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, ते पाण्यात घातलं तरी वाकतं, मोडत नाही. आण्णांना हे माझ्या टक्क्यांशिवाय माहीत होतं. ते त्या वेळी चहाला गेले होते. विद्यार्थ्याला दुसरं पान दिलं आणि त्या दिवसापासून पाट्याचा तुकडा प्रात्यक्षिकाच्या पेटीत जात नाही. कुंडीतल्या खुरप्याचं पातंही माइल्ड स्टीलचंच, कारण कुंडीतल्या मऊ मातीला पाणी दिलेली धार लागत नाही.

जस्ताच्या मुलाम्याचे चकचकीत खिळे तापवून वळवायची कल्पनाही एकदा आली होती, कारण खिळ्याची अंगठी मुलांना आवडते. तिला मी सरळ नकार दिला. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि भट्टी त्याच्या कितीतरी वर असते. तो पांढरा धूर छातीत गेला की थंडीताप भरतो, आणि समोर शाळेची पोरं उभी असतात. काळे, मुलामा नसलेले खिळे मिळाले तरच अंगठी.

ऊन, रंग आणि काळं लोखंड

मेळाव्यात सर्वांत जास्त माल जळला तो दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान. सोलापूरचं ऊन डिसेंबरातही डोळ्यांवर येतं. दुकानाच्या अंधारात जो केशरी रंग चटकन ओळखू येतो, तो उघड्या मैदानात फिकट दिसतो. मग लोहार आणखी थोडा ताव देतो, आणि बारीक सळई फुलबाजीसारखी तडतडू लागते. जळलेलं लोखंड फेकूनच द्यावं लागतं, ते पुन्हा सांधत नाही. यावर उपाय दोन झाले. भट्टीच्या मागे आणि वर काळी ताडपत्री बांधली, म्हणजे आण्णांना रंग दिसतो आणि लोकांनाही. आणि एका वेळी भट्टीत दोनच तुकडे ठेवायचे. चार ठेवले की उत्पादन वाढतं असं कागदावर दिसतं, पण लोकांशी बोलता बोलता तिसरा आणि चौथा जळतो.

विजेच्या ब्लोअरऐवजी हाताने फिरवायचा पंखा घेतला. वारा हवा तेवढाच देता येतो, आणि फिरवायला मुलांची रांग लागते. पंखा फिरवलेलं मूल आईला टेबलाकडे ओढत आणतं, हा शोध सुनेचा.

धोका रंग असलेल्या लोखंडाचा नसतो, त्याच्यापासून सगळे लांब राहतात. धोका काळ्या दिसणाऱ्या लोखंडाचा. चारशे अंशांचं लोखंड उजेडात पूर्ण काळं दिसतं. एका मेळाव्यात ऐरणीच्या ओंडक्यावर थंड व्हायला ठेवलेल्या पानाकडे एका लहान मुलीचा हात गेला. पुतण्याने सांडशीने पान खाली पाडलं, म्हणून निभावलं. त्यानंतरचा नियम असा: दोर दहा फुटांवर, घडलेली वस्तू आधी वाळूच्या ट्रेमध्ये, मग बादलीत, मग सुनेच्या हातात. सून हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघते आणि मगच टेबलावर ठेवते. घडवणारा माणूस वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात कधीच देत नाही.

एका सोसायटीने दांडियाच्या मांडवात भट्टी लावायला सांगितलं होतं. वर कापडाचं छत, खाली नायलॉनचे घागरे. आण्णांनी भट्टी पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात लावली, आणि आयोजक नाराज झाले तरी हलवली नाही.

शेवटचा हात

लोखंडावर काही लावलं नाही तर ते घामाने गंजतं, आणि किल्लीसाखळी दिवसभर हातातच असते. तेलरंग दिला तर बाजारातल्या मालासारखी दिसते. गाडीच्या जुन्या ऑइलचा उपाय दुकानात चालतो, पण त्याचा वास घेऊन कोणी पर्समध्ये ठेवणार नाही.

जवसाचं तेल गरम लोखंडावर छान बसतं. आपल्याकडे करडईचं तेल जास्त हाताशी, म्हणून तेही वापरून पाहिलं. ते हळू सुकतं, पातळ हात दिला आणि लोखंड पुरेसं गरम असलं तर बसतं. जाड लागलं तर चिकट राहतं आणि त्यावर कोळशाची धूळ धरते. मेळाव्यात वेळ नसतो, म्हणून तिथे मधमाशीचं मेण: लोखंडाला टेकवताच मेण वितळून किंचित धूर यावा, पेट घेऊ नये, इतपतच उष्णता. त्याआधी पितळी तारांचा ब्रश घासला तर शिरांवर पिवळसर झाक येते. ती झाक भाव न वाढवता विक्री वाढवते. मेण काही महिन्यांत झिजतं हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं ठरलं. सुनेने छापून घेतलेल्या चिठ्ठीवर तेवढी एकच ओळ आहे.

भाव

पहिल्यांदा पान ५० रुपयांना लावलं होतं, कारण ‘एवढंसं लोखंड’. लोखंड खरोखरच एवढंसं आहे. १० मिमी चौकोनी बार मीटरला ७८५ ग्रॅम भरतो, सात सेंटिमीटरचे ५५ ग्रॅम, म्हणजे चार रुपयांच्या आत. पण सहा तावांना बारा मिनिटं जातात. आण्णा आणि पुतण्या मिळून दिवसाचे १,८०० धरले तर मिनिटाला पावणेचार, म्हणजे मजुरीच ४५. कडी, कोळसा, मेण मिळून दहा-अकरा. पन्नासला विकलेलं प्रत्येक पान दहा रुपये तोट्यात जात होतं, आणि न विकलेल्या पानांचा हिशेब वेगळाच.

मग भाव वस्तूच्या आकारावर न ठेवता तावांवर ठेवायचं ठरलं. तीन तावांचा आकडा १०० रुपये, सहा तावांचं पान १५०, जास्त ठोकणी लागणारं कुंडीतलं खुरपं २५०. आकड्याला लोखंड पानापेक्षा जास्त लागतं, तरी तो स्वस्त. कोणी हुज्जत घातली की आण्णा सांगतात, “थांबा, समोर करून दाखवतो, मोजा.” मोजून झाल्यावर भाव करणारं गिऱ्हाईक विरळा.

‘हेच द्या’ हा प्रश्न मात्र रोजचा. टेबलावर वीस पानं असली तरी लोकांना आत्ता घडलेलंच हवं असतं. त्याचा भाव जास्त लावावा, लिलाव करावा, असंही कोणी सुचवलं. आण्णांना लिलाव नको होता. भाव तोच, पण आधी सांगितलं असेल तर त्या पानावर एक अक्षर उठवून मिळतं, असं ठरलं. रोमन अक्षरांचे पंच (ठसे) हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. देवनागरीचे पंच पुतण्याने पाट्याच्या तुकड्यांतून कानशीने उलटे घासून काढले, त्यात ‘स’ आणि ‘म’ बरे जमले, ‘क्ष’चा नाद सोडला. ज्यांचं अक्षर पेटीत नाही ते नाराज होतात. त्यांना छिन्नीने दोन रेघांचं चिन्ह करून देतात.

परिणाम

घडी बसल्यानंतरच्या एका चांगल्या दिवसाचा हिशेब: १४ पानं, १२ आकडे, ८ खुरपी, मिळून ५,३०० रुपये. आदल्या दिवशी दुकानात अर्धं काम करायला दोघांची मजुरी १,८०० आणि माल ३००. मानधनातून खर्च जाऊन उरायचे ते ७०० धरले तर आण्णांच्या मेळाव्याच्या दिवसाचे ३,९०० सुटले. दुकानातल्या मंदीच्या दिवसापेक्षा सत्तावीसशे जास्त. फार नाही, पण आता खिशातून जात नाही.

सगळे दिवस असे नसतात. शाळेत मुलांकडे पैसे नसतात, तिथे विक्री जवळजवळ शून्य, आणि ती तशी राहणारच. तिथे फक्त मानधन बघायचं. आपट्याची दोनशेच्या आसपास पानं दसऱ्याच्या दुपारपर्यंत खपली. दुसऱ्या दिवशी दुकानात उरलेल्या पानांकडे कोणी फिरकलं नाही. एक रोपवाटिका आता कुंडीतली खुरपी थेट घेते, मेळाव्याशिवाय.

एक अडचण नवी निर्माण झाली. टेबलावर विक्री होते हे दिसल्यावर एका आयोजकाने विचारलं, “आता तुमचा धंदा होतोच आहे, मग मानधन कशाला?” दुसऱ्याने उलट गाळ्याचं भाडं मागितलं. सुनेने दोघांना एकच उत्तर दिलं: प्रात्यक्षिकाचे पैसे वेगळे, विक्री आमची. पहिला तयार झाला, दुसऱ्याने बोलावणं रद्द केलं. हे उत्तर ती आता आधीच पत्रात लिहिते.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडेला घिसाडी कुटुंबं पालं टाकून हेच काम करतात, बायका घण मारतात, माणसं जाता-येता बघतात. तिथे कोणी मानधन देत नाही, दहा फुटांवर दोर बांधत नाही, खुरप्याचा भाव मात्र न चुकता पाडून मागतात. आण्णांना मिळणारा मान हा कामापेक्षा बऱ्याच अंशी मांडवाचा आहे, हे आण्णाच बोलून दाखवतात.

वेगळं काय करता आलं असतं

पन्नास रुपयांचा भाव सुरुवातीला लावायला नको होता. त्या मेळाव्यात आलेली माणसं पुढच्या वर्षी “गेल्या वेळी तर पन्नासला दिलं” म्हणत परत आली. आधी दोन-चार नमुने घड्याळ लावून घडवले असते तर दीडशेचा भाव पहिल्याच दिवशी निघाला असता.

तारखांचा घोळ टाळता आला असता. फेब्रुवारीतल्या एका कार्यक्रमासाठी दुकान दोन दिवस बंद राहिलं, आणि ते दोन दिवस ज्वारीच्या काढणीच्या तोंडावरचे होते. विळे शेवटून, म्हणजे नव्याने धार काढून, घ्यायला आलेले दोन जुने शेतकरी शेजारच्या गावच्या लोहाराकडे गेले. त्यातला एक परत आला, एक नाही. पानांच्या विक्रीतून मिळालेला पैसा आणि वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक यांची तुलना मांडायची तर पारडं कुठे झुकतं ते आण्णांना विचारायची गरज नव्हती. आता बोलावणी दिवाळी ते संक्रांत आणि नवरात्र एवढ्याच काळात घेतात.

वस्तूंची संख्याही आधीच कमी ठेवायला हवी होती. सुरुवातीला टेबलावर अकरा प्रकार होते, त्यातले सहा कोणी उचललेच नाहीत. पान, आकडा, खुरपं आणि हंगामात आपटा, एवढ्यावर अर्ध्या कामाची तयारी एका दिवसात बसते. प्रत्येक जादा नमुना म्हणजे वेगळी लांबी कापणं, वेगळी सांडशी, आणि मेळाव्यात भट्टीतला एक जळका तुकडा.

सध्या अडलेला प्रश्न वेगळा आहे. दोन शाळांनी विचारलंय की मुलांनाच हातोडा देऊन पान घडवायला शिकवाल का, माणशी पैसे देऊ. हिशेबाने हे विक्रीपेक्षा सोपं दिसतं. पण एका भट्टीवर एका वेळी एकच मूल उभं राहू शकतं, प्रत्येकाला चष्मा, सुती कपडे आणि बंद बूट लागतात, आणि तीस मुलांच्या वर्गाला सहा ताव पुरवायचे तर दिवस पुरत नाही. आण्णांनी होकार दिलेला नाही. पुतण्याने शिशाच्या पट्टीवर थंड ठोकाई शिकवायची सूचना केली होती. शिसं विषारी, ते मुलांच्या हातात द्यायचं नाही, म्हणून ती बाद झाली. तांब्याच्या मऊ तारेवर काही जमतंय का, ते तो सध्या दुकानात करून बघतो आहे.